मेणाचा पाय, बांद्रा आणि जुनं गोवं

रविवार, नागपूर

मावशींचा उजवा गुडघा मागच्या पावसाळ्यात पार बसला होता, म्हणजे बाथरूमपर्यंत जायलाही भिंत धरावी लागायची. तेव्हाच त्या बोलल्या होत्या की बरा झाला तर बांद्र्याच्या मोत माउलीला, म्हणजे माउंट मेरीला, मेणाचा पाय वाहीन. आता दिवाळीनंतर काठी सुटली, तर लगेच आईला म्हणे चाल नं माझ्यासोबत मुंबईला. आई तयारच होती. दोघी पंचवीस वर्षांच्या शेजारणी, मावशी आमच्या घरच्या महालक्ष्म्यांना पुरण वाटायला येतात आणि ख्रिसमसला त्यांच्या करंज्या तळायला आमची आई तिकडे. राहिली मी, तर तिकिटं काढायला आणि बॅगा उचलायला कोणी तरी पाहिजेच होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही जायचंच होतं. मुंबईपर्यंत जातोच आहोत तर तिथून गोवाही करू, तिथल्या संताच्या सणाआधीचा नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा नोव्हेना सुरू होऊन राहिला, असं मीच सुचवलं आणि मावशींचे डोळे एकदम भरून आले. त्या कधीच गेल्या नव्हत्या जुन्या गोव्याला.

निघायच्या आधी सकाळी त्यांना सदर भागातल्या चर्चमधे मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, जायचं होतं, मी आणि आई पण गेलो. सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल. मी त्या रस्त्यानं शेकडो वेळा गेली असेन, बाजूच्या एसएफएस शाळेत माझा मामेभाऊ शिकला, पण आत बसून पूर्ण मिस्सा मी पहिल्यांदा पाहिला. मागच्या बाकावर बसलो आम्ही. मिस्सा संपल्यावर बाहेर येऊन मी मावशींना विचारलं की आपण बांद्र्याला आणि गोव्याला बॅसिलिका बघायला चाललो, मग हे आपलं एवढं मोठं चर्च, ह्याला बॅसिलिका काऊन नाही म्हणत?

मावशींनी मला हात धरून परत आत नेलं. वेदीच्या बाजूला एक खुर्ची होती, लाकडी, उंच पाठीची. "ही आर्चबिशपची खुर्ची. जिथं बिशपची खुर्ची, ते कॅथेड्रल. मग ते चर्च लहान असो की मोठं." कॅथेड्रल हा शब्दच मुळी खुर्चीवरून आला आहे, हे मला तेव्हा कळलं. नागपूरचा धर्मप्रांत 1887 साली झाला आणि 1953 मधे त्याचा महाधर्मप्रांत झाला, म्हणून आपल्याकडे नुसता बिशप नाही, आर्चबिशप. आणि बॅसिलिका हे पद वेगळं, ते रोमहून पोप देतो. एखाद्या चर्चचा इतिहास, तिथली भक्ती, तिथं येणारे लोक, तिथली उपासना कशी चालते हे सगळं बघून. बिशपची खुर्ची तिथं असलीच पाहिजे असं काही नाही. एखादं चर्च दोन्ही असू शकतं, एखादं एकच, आणि बहुतेक चर्चेस दोन्ही नसतात.

दुसरा माझा घोळ फ्रान्सिसचा. मला वाटायचं सदरचा फ्रान्सिस आणि गोव्याचा फ्रान्सिस एकच. मावशी म्हणाल्या नाही बाळा, आपला फ्रान्सिस डी सेल्स, तो जिनिव्हाचा बिशप, राहायचा अ‍ॅनेसीला, आणि अ‍ॅनेसीहूनच त्याच्या नावाच्या संस्थेचे फादर लोक आपल्याकडे आले. गोव्याचा फ्रान्सिस झेवियर, तो जेसुइट, म्हणजे येशूसंघ ह्या संस्थेचा फादर, स्पेनमधल्या नवारचा. गंमत अशी की 1622 हे साल दोघांच्याही गोष्टीत येतं, त्या वर्षी मार्चमधे झेवियरला रोमला संत घोषित केलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमधे डी सेल्स वारले. डी सेल्स हे लिहिणाऱ्या लोकांचे आणि बहिऱ्या लोकांचेही आश्रयदाते संत मानले जातात, कारण एका बहिऱ्या माणसाला त्यांनी खुणांनी धर्मशिक्षण दिलं होतं. मावशींचे मिस्टर शेवटच्या काही वर्षांत कानानं अजिबात ऐकू येत नसलेले, ते त्याच चर्चमधे दर रविवारी पुढच्या बाकावर बसायचे. हे सांगताना त्या थोडं थांबल्या. मी पण काही बोलली नाही.

संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि एक अख्खी थैली संत्री, आंबिया बहाराची, कळमन्यातून आणलेली. मी म्हटलं मावशी एवढी कोण खाईल, तर त्या म्हणे वाटायची असतात.

गाडीत झोप येईपर्यंत बॅसिलिकाचाच विषय. मावशी चाळीस वर्षं शाळेत शिकवत होत्या, त्यामुळे त्या सांगतात कशा तर फळ्यावर लिहिल्यासारखं. बॅसिलिका हा मूळ ग्रीक शब्द, राजाचा असा त्याचा अर्थ. रोमन लोकांच्या शहरात एक मोठा लांबट हॉल असायचा, तिथं न्यायनिवाडा चालायचा, व्यापाऱ्यांचे सौदे व्हायचे, त्याला बॅसिलिका म्हणायचे. पुढे ख्रिस्ती लोकांना उघडपणे उपासना करता यायला लागली तेव्हा त्यांनी चर्च बांधली ती देवळांच्या नमुन्यावर नाही, ह्या हॉलच्या नमुन्यावर, कारण माणसं आत जमवायची होती. मला हे खूप आवडलं. मोठ्या बॅसिलिका जगात फक्त चार आणि चारही रोमच्या. सेंट पीटर्स, सेंट जॉन लॅटरन, सेंट पॉल आणि सेंट मेरी मेजर. बाकी जगातल्या सगळ्या लहान बॅसिलिका, मग त्या आकारानं कितीही मोठ्या का असेनात. आणि पोप हा रोमचा बिशप, तर त्याची खुर्ची सेंट पीटर्समधे नाही, लॅटरनमधे आहे, म्हणजे रोमचं कॅथेड्रल लॅटरन. हे ऐकून आई उठूनच बसली बर्थवर, तिला वाटायचं टीव्हीवर दिसतं ते सेंट पीटर्सच सगळ्यात वरचं.

बॅसिलिकाच्या खुणा दोन. एक पिवळ्या आणि लाल पट्ट्यांची रेशमी छत्री, अर्धवट उघडलेली, म्हणजे पोप कधीही येऊ दे, आम्ही तयार आहोत. दुसरी दांड्यावर टांगलेली छोटी घंटा, मिरवणुकीत पुढे न्यायची. शिवाय पोपच्या आडव्या-तिडव्या दोन किल्ल्यांची खूण लावायचा मान. आई म्हणाली हे तर आपल्या पालखीवरच्या अब्दागिरीसारखं झालं. मावशी म्हणाल्या अगदी तसंच, मान राजाचा असतो पण तो ठेवला जातो देवाच्या दारात. मग इगतपुरी कधी आली मला कळलंच नाही.

सोमवार, बांद्रा

सकाळी दादरला उतरलो. इथं एक त्रास झाला तो लिहूनच टाकते. मी फोनवर तीनदा सांगून तळमजल्याची खोली बुक केली होती, आगाऊ पैसे पण भरले होते, आणि तिथं गेल्यावर तिसरा मजला दिला, लिफ्ट बंद. बरा होत आलेला गुडघा घेऊन साठीच्या पुढची बाई जिने चढणार कशी, असं मी विचारलं तर समोरचा माणूस रजिस्टरमधून वर पण बघेना. मला खूप राग आला होता. शेवटी आईनंच एका नातेवाइकांना फोन लावला आणि सामान त्यांच्याकडे टाकलं, रात्री पण तिथंच राहिलो. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी ह्या गोष्टीची काळजी घ्या एवढंच म्हणते.

दादरहून लोकलनं बांद्रा, तिथून रिक्षा थेट टेकडीवर. पायऱ्यांनी पण चढता येतं पण मावशींना नको म्हटलं. वर पोचलो आणि आधी समुद्र दिसला, मग चर्चचे दोन मनोरे. माउंट मेरी म्हणतात सगळे, पण जुन्या लोकांचं नाव मोत माउली. माउंटचं मोत झालं आणि मोत म्हणजे मोती, तर मोत्याची माउली. मला वाटतं इंग्रजीतल्या नावापेक्षा हेच खरं नाव आहे, कारण त्यात माउली आहे.

समोर मेणबत्त्यांच्या दुकानांची रांग. मी फोटोत बघितलं होतं पण जवळून बघणं वेगळंच. मेणाचे हात, मेणाचे पाय, डोकं, छाती, घर, मोटार, बाळ. पिवळसर मेण, साच्यातून काढलेलं, कडेला साच्याची रेघ दिसते. मावशींनी पहिलं दुकान सोडलं, दुसरं सोडलं. तिसऱ्या दुकानातल्या बाईनं सात-आठ पाय पुढे मांडले तर त्या एकेक हातात घेऊन बोटं बघत होत्या. एका पायाची करंगळी नीट उमटली नव्हती, तो बाजूला ठेवला. एकाच्या टाचेला बुडबुडा होता. ती दुकानवाली बाई अजिबात कंटाळली नाही, म्हणाली घ्या आजी सावकाश, माझी सासू पण असंच निवडायची. शेवटी एक मिळाला, गुडघ्यापासून खालचा, पाचही बोटं स्पष्ट, घोट्याचं हाड सुद्धा. मावशींनी तो साडीच्या पदरानं पुसला आणि स्वतःच्या गुडघ्याला एकदा टेकवला. मग झेंडूचा हार घेतला आणि निघालो. मागे वळून बघते तर आई अजून दुकानातच. तिनं काही न बोलता मेणाचं एक छोटं बाळ घेतलं होतं. माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

आत गेलो. वेदीवर मोत माउली, कडेवर बाळ येशू, अंगावर जरीचा झगा. भिंतींवर मरियेच्या आयुष्यातले प्रसंग रंगवलेले. सोमवार असून गर्दी होती आणि त्या गर्दीत निम्म्या बायकांच्या कपाळाला कुंकू होतं. माझ्या शेजारी एक कोळीण बसली होती, टोपली बाहेर ठेवून आलेली, तिचा ओठ हलत होता पण आवाज नव्हता. मावशी गुडघे टेकायला गेल्या. मी धरायला पुढे झाली तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. आणि टेकले त्यांनी, दोन्ही. सहा महिन्यांत पहिल्यांदा. किती वेळ बसल्या मला सांगता येणार नाही, मी रडत होती.

ह्या मूर्तीची गोष्ट मोठी आहे. सोळाव्या शतकात जेसुइटांनी ती पोर्तुगालहून आणली. 1700 साली अरबी चाच्यांनी सोन्याच्या लोभानं तिचा उजवा हात तोडला, आणि ते चर्चला आग लावणार तेवढ्यात मधमाश्यांच्या थव्यानं त्यांना पळवून लावलं असं सांगतात. पुढे मराठ्यांची वसईची मोहीम सुरू झाली तेव्हा, म्हणजे 1738-39 च्या सुमाराला, टेकडीवरून मराठ्यांना तोफा डागायला जागा मिळू नये म्हणून पोर्तुगीजांनी स्वतःच चर्च पाडलं. मूर्ती परत मिळाल्याची गोष्ट कोळी लोक सांगतात ती अशी की एका कोळ्याला स्वप्न पडलं आणि मग ती समुद्रात सापडली. 1760 च्या आसपास चर्च पुन्हा उभं राहिलं, आणि आज दिसते ती इमारत 1904 ची, शापूरजी चंदाभॉय ह्या पारशी स्थापत्यकारानं बांधलेली. म्हणजे मूर्ती पोर्तुगालची, शोधली कोळ्यानं, घर बांधलं पारश्यानं, आणि पाय वाहायला नागपूरची मावशी.

पोपनं बॅसिलिकाचा मान दिला 1954 साली. पण सप्टेंबरमधे मरियेच्या जन्मदिनाची, 8 तारखेच्या सुमाराची ती आठवडाभराची जत्रा त्याच्या कितीतरी आधीपासून भरते. मला असं वाटलं की रोमनं इथं काही नवीन दिलं नाही, जे लोकांनी आधीच ठरवून टाकलं होतं त्यावर शिक्का मारला. मावशींना हे बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या मग काय तर, पद मागून मिळत नाही, आधी माणसं यावी लागतात.

मेणाचा पाय जिथं ठेवायचा तिथं ठेवला. बाजूला बाळ. निघताना मावशींनी दुकानवालीला चार संत्री दिली.

मंगळवार, गाडीत

मांडवी एक्सप्रेस, दादरहून सकाळी. रात्रीची कोकणकन्या पण होती पण मला कोकण उजेडात बघायचं होतं. दिवसभर बोगदे, पूल, नद्या. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, संपतच नाही. आमच्या विदर्भातल्या डोळ्यांना एवढी हिरवी नोव्हेंबर म्हणजे चमत्कारच, आपल्याकडे तर आता गवत पिवळं पडून राहिलं. कटलेट, ऑम्लेट, वडा सगळं खाल्लं.

मावशींनी झेवियरची गोष्ट सांगितली. 1542 च्या मे महिन्यात ते गोव्यात उतरले, आणि दहाच वर्षं मिळाली त्यांना. त्या दहा वर्षांत मोत्यांच्या किनाऱ्यावरचे परवर कोळी, मलाक्का, मोलुक्का बेटं, जपान. चीनला जायचं होतं, चीनच्या किनाऱ्यासमोरच्या सांचोन बेटावर बोटीची वाट बघत 3 डिसेंबर 1552 ला वारले, वय 46. शरीर आधी तिथंच पुरलं, मग मलाक्काला, मग 1554 मधे गोव्याला. ज्या शहरातून निघाले तिथंच परत आले. गोंयचो सायब म्हणतात त्यांना तिकडे, म्हणजे गोव्याचा धनी.

एक गोष्ट मी आईला आधीच समजावून सांगितली, की शरीर जवळून बघायला मिळणार नाही. ते दहा वर्षांतून एकदा खाली उतरवतात, 2024 ची 21 नोव्हेंबर ते 2025 ची 5 जानेवारी असं झालं, आता दहा वर्षांनी. आई म्हणाली असू दे, पंढरपूरला तरी कुठं नेहमी पायावर डोकं ठेवायला मिळतं, कळसाचं दर्शन पण पोचतं.

संध्याकाळी करमळीला उतरलो, जुन्या गोव्याला हेच स्टेशन जवळ. मुक्काम पणजीला.

बुधवार, जुनं गोवं

पहाटे पाचला उठलो. नोव्हेनाचे दिवस, 24 नोव्हेंबर ते 2 डिसेंबर नऊ दिवस, आणि 3 ला फेस्त, म्हणजे संताचा सण. बसमधे उभं राहायला जागा नव्हती. रस्त्याच्या कडेनं लोक चालत येत होते, काही अनवाणी, रात्रभर चालून आलेले, हातात मेणबत्त्या. पायात चपला नसलेली पोरं, आजोबा, नववधू वाटेल अशी एक मुलगी तिच्या सासूचा हात धरून. आई खिडकीतून बघत एकच शब्द बोलली, वारी.

चर्चबाहेर मोठा मांडव, पहाटेपासून एकामागून एक मिस्सा. आम्हाला कोंकणी मिस्सा मिळाला. मावशींना निम्मं कळत होतं, मला थोडं, आईला बरंचसं असं ती म्हणाली. पाव्हणा, देव, भुरगीं, उजवाड. शांतीची खूण देताना शेजारच्या गोवेकर बाईनं आईचे दोन्ही हात हातात घेतले.

मग उजेड झाला आणि बॉं जेझू दिसलं. बॉं जेझू म्हणजे चांगला येशू, बाळ येशूचं नाव. मी दगडाबद्दल लिहिणारच, कारण मी त्यावरून हात फिरवला. आपल्याकडचा दगड काळा, गुळगुळीत, उन्हात तापणारा. हा जांभा, लाल, सगळीकडे भोकं भोकं, बोट लावलं तर बोटाला लाल पूड लागते. आणि त्या लाल भिंतीत मधेच राखाडी-काळे दगडी खांब आणि नक्षी, तो आपला काळा दगड, बेसाल्ट, वसईहून जहाजानं आणलेला. महाराष्ट्राचा दगड गोव्याच्या बॅसिलिकाच्या कपाळावर, ह्याचा मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथं आईला ओढून नेलं आणि दाखवलं. वर दगडात आयएचएस ही तीन अक्षरं, जेसुइटांची खूण.

बांधकाम सुरू झालं 24 नोव्हेंबर 1594 ला, म्हणजे नोव्हेनाचा जो पहिला दिवस तोच. पूर्ण होऊन पवित्र केलं 15 मे 1605 ला. आणि ही लाल भिंत पहिल्यापासून लाल नव्हती. तिच्यावर चुन्याचा पांढरा गिलावा होता, बाकीच्या गोव्याच्या चर्चवर आहे तसा. 1950 च्या दशकात जीर्णोद्धाराच्या नावाखाली तो काढून टाकला, दगड उघडा छान दिसतो म्हणून. तेव्हापासून गोव्याचा पाऊस थेट जांभ्यावर. जांभा पाणी पितो, झिजतो, आणि मी बोटावर बघितली ती लाल पूड म्हणजे भिंतच आहे. परत गिलावा करा अशी मागणी चर्चमधल्याच लोकांनी केलेली आहे, आणि विरोध असा की लोकांना आता लाल रंगाचीच सवय झाली, फोटोत तीच ओळख आहे. मला विचाराल तर गिलावा करावा. फोटोसाठी भिंत मरू देऊ नये. आपल्याकडे गावातल्या मातीच्या घराला दरवर्षी पोतारा करतात तो हौस म्हणून नाही करत.

आत गेलं की डोळे आधी अंधाराला सरावतात आणि मग एकदम सोनं. मुख्य वेदी पूर्ण सोन्याचा मुलामा दिलेल्या लाकडाची, मधे जेसुइटांचे संस्थापक संत इग्नेशियस, मोठी मूर्ती, आणि त्यांच्या पायाशी छोटासा बाळ येशू. चर्च ज्याच्या नावाचं तो सगळ्यात लहान. ह्यावर मावशी बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

उजव्या हाताला झेवियरची समाधी. ती बघायला रांग, पण शांत, धक्काबुक्की नाही. खाली संगमरवराचा चौथरा, इटलीत फ्लॉरेन्सला घडवलेला, शिल्पकार फॉजिनी, दहा वर्षं काम चाललं आणि 1698 मधे इथं बसवला. तो पाठवला टस्कनीचा ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची ह्यानं, आणि त्या बदल्यात त्याला काय मिळालं तर संताच्या डोक्याखालची उशी. एवढा संगमरवर, एवढी जहाजवाहतूक, एका उशीसाठी. मला त्यात व्यवहार नाही दिसला, माणसाला एखादी वस्तू जवळ हवीच असते तसं दिसलं. मावशींच्या कपाटात मिस्टरांचं कानाचं मशीन अजून ठेवलेलं आहे.

चौथऱ्याच्या वर चांदीची पेटी, ती मात्र गोव्याच्याच सोनारांनी केलेली, 1637 च्या सुमाराची, तिच्यावर संताच्या आयुष्यातले 32 प्रसंग. खालून मान वर करून बघायचं. काचेतून थोडंसं दिसतं, दिसलं असं वाटतं. मावशींनी हात जोडले आणि मोठ्यानं मराठीत म्हणाल्या, "सायबा, नागपूरहून आले." मागच्या रांगेतले लोक थांबले. कोणी पुढे ढकललं नाही.

भारतात बॅसिलिकाचा मान सगळ्यात आधी ह्या चर्चला मिळाला, 1946 साली. आता देशात तीस-एक आहेत, जास्त करून दक्षिणेत. वेलंकन्नीला 1962 मधे मिळाला, सिकंदराबादच्या सेंट मेरीला 2008 मधे.

आणि मग बाहेर येऊन रस्ता ओलांडला तर समोर से कॅथेड्रल. हे मला इतकं नीट कुठं समजलं नसतं. से कॅथेड्रल आकारानं बॉं जेझूच्या पुढे कितीतरी मोठं, संत कॅथरीनच्या नावाचं, पांढरं, दोन मनोरे होते त्यातला एक 1776 मधे पडला तो परत बांधलाच नाही, उरलेल्या मनोऱ्यात सोन्याची घंटा म्हणून नावाजलेली मोठी घंटा. इथं बिशपची खुर्ची आहे. म्हणून हे कॅथेड्रल. पण बॅसिलिका हे नाही, रस्त्यापलीकडचं ते लहान लाल चर्च बॅसिलिका. एकाच रस्त्याच्या एका बाजूला खुर्ची, दुसऱ्या बाजूला लोक. दहा वर्षांनी जेव्हा शरीर दर्शनाला काढतात तेव्हा ते मिरवणुकीनं बॅसिलिकातून कॅथेड्रलमधे आणतात कारण गर्दी मावायला जागा इथं आहे. मावशी म्हणाल्या बघ, भांडत नाहीत दोघं.

फेस्तच्या दुकानांतून खाजे घेतले, गुळात आल्याचा स्वाद असलेले, कडक, दाताखाली मोडतात. तीन किलो घेतले. उरलेली संत्री मावशींनी मांडवाजवळ बसलेल्या अनवाणी पोरांना वाटली. आता कळलं मला थैली कशासाठी होती.

गुरुवार आणि शुक्रवार

सकाळी पणजीचं चर्च, त्याच्या त्या नागमोडी पांढऱ्या पायऱ्या. मावशी चढल्या. मधे दोनदा थांबून, कठडा धरून, पण चढल्या. वर जाऊन म्हणाल्या हे मी डॉक्टरला सांगणार नाही, तो रागवेल. रात्री नागपूरची स्पेशल गाडी मडगावहून, पूर्ण एक रात्र आणि एक दिवस. भुसावळपर्यंत तिघी झोपूनच होतो. अकोला सोडल्यावर थंडी वाजायला लागली आणि मग घरी आल्यासारखं वाटलं.

परत रविवार, सदर

मावशींनी मिस्सानंतर सगळ्यांना खाजे वाटले, अगदी सायकल स्टँडवाल्याला पण. कोणाकोणाला बांद्र्याची गोष्ट सांगितली, कोणाला दगडाची. एक छोटी मुलगी माझ्या ओढणीला धरून विचारत होती की दीदी, आपलं चर्च का नाही बॅसिलिका. मी तिला हात धरून आत नेलं आणि ती उंच पाठीची लाकडी खुर्ची दाखवली. तिनं विचारलं बसून बघू का. मी म्हटलं नाही, ह्याच्यावर नाही बसायचं, आणि आम्ही दोघी मावशींचे मिस्टर बसायचे त्या पुढच्या बाकावर बसलो, ती खाजं मोडत होती आणि सगळीकडे आल्याचा वास येत होता.